मुलांचे सपाट तळवे : आधी मोजा, मग काळजी करा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच्या आधीच्या आठवड्यात सीताबर्डी, इतवारी आणि सदरच्या दुकानांतून आईबापांची गर्दी असते. गणवेश, दप्तर, वह्या झाल्या की शेवटी बुटांची खरेदी. आणि याच दिवसांत वस्तीतल्या आयाबाया आम्हाला हमखास एक प्रश्न विचारतात, "भाऊ, पोराचा तळवा पुरा जमिनीले टेकते. मधात खळगाच नाही. पुढं पोलीस भरतीत घेतील का त्याले?" मुलीची आई तोच प्रश्न जरा हळू आवाजात विचारते, "लग्नाच्या वेळी कोणी नाव तर ठेवणार नाही ना?" तिसरा प्रश्न बाप विचारतो, कारण पैसे त्याच्या खिशातून जायचे असतात, "दुकानदार म्हणते, डॉक्टरी बूट घ्या. घ्यावे का?"

आम्ही डॉक्टर नाही. बी.कॉम. होऊन कचेरीत हिशेब लिहिणारे आम्ही एक कारकून. पण कारकुनाला एक सवय असते. जी गोष्ट मोजता येते ती मोजून पाहिल्याशिवाय तो नफा-तोट्याची भाषा बोलत नाही. मुलाच्या तळव्याची कमान मोजता येते. त्यासाठी यंत्र लागत नाही. पाण्याची एक परात, पुस्तकाला कव्हर घालायचा खाकी कागद, शिसपेन आणि पट्टी एवढे साहित्य पुरते. जगातल्या नामवंत अस्थितज्ज्ञांनी जी मोठमोठी सर्वेक्षणे केली, त्यांतलीही कित्येक अशा पायाच्या ठशांवरच झाली आहेत. म्हणून या विषयाची जी माहिती शास्त्राने सिद्ध केली आहे ती आपल्या कुटुंबांपुढे सोप्या भाषेत ठेवावी, असे आम्हाला वाटले.

कमान म्हणजे काय?

माणसाच्या एका पायात घोट्यापासून बोटांपर्यंत २६ हाडे असतात. ही हाडे सपाट फळीसारखी मांडलेली नसून पुलाच्या कमानीसारखी रचलेली असतात. टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत आतल्या बाजूने जो खळगा दिसतो ती मुख्य कमान होय. हाडांना बांधून ठेवणारे चिवट पट्टे, पोटरीतून खाली उतरणारे स्नायू आणि तळव्याचे छोटे स्नायू मिळून ही कमान सांभाळतात. चालताना अंगाचा भार पडला की ती किंचित दबते आणि पाऊल उचलले की पुन्हा वर येते. म्हणजे आपल्या पायात निसर्गाने बसवलेली ती एक कमानपाटी आहे, सायकल रिक्षाच्या पाट्यासारखी.

ज्याची कमान उभे राहिल्यावर दिसत नाही, सारा तळवा जमिनीला टेकतो, त्याला आपण सपाट पाय म्हणतो. दवाखान्यात त्याला फ्लॅट फूट म्हणतात.

बाळाचा तळवा सपाटच असतो

पहिली गोष्ट लक्षात ठेवावी ती ही, की जन्मलेल्या बाळाचा तळवा सपाटच दिसतो. त्यात रोग नाही. बाळाच्या पायातली बरीचशी हाडे अजून कूर्चेच्या रूपात असतात, पट्टे सैल असतात, आणि जिथे पुढे खळगा होणार तिथे चरबीची मऊ गादी भरलेली असते. मूल उभे राहू लागले, धावू लागले, की पट्टे आवळतात, स्नायू बळावतात, चरबी कमी होते आणि कमान हळूहळू वर येते. ही वाढ मुख्यतः पहिल्या दहा वर्षांत होते आणि त्यातही पहिल्या सहा वर्षांत तिचा वेग जास्त असतो.

याचा पुरावा आकड्यांत आहे. २००६ साली ऑस्ट्रियातल्या तज्ज्ञांनी ३ ते ६ वर्षे वयाच्या ८३५ मुलांचे पाय तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन वर्षांच्या मुलांत शेकडा ५४ जणांचे पाय सपाट निघाले. सहा वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण शेकडा २४ वर आले होते. मुलींपेक्षा मुलांत आणि सडपातळ मुलांपेक्षा जास्त वजनाच्या मुलांत सपाट पाय जास्त आढळले. आणि खरोखर रोग म्हणावा असा सपाट पाय शेकडा एकापेक्षाही कमी मुलांत होता. गंमत अशी की त्या मुलांपैकी सुमारे शेकडा १० जण पायाला आधार देणाऱ्या गाद्या वापरत होती, आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांची गरजच नव्हती, असे तज्ज्ञांनी लिहिले. म्हणजे श्रीमंत देशातही अनावश्यक वस्तू विकली जाते. मग आपल्या वस्तीतल्या बापाला दुकानदाराने गाठले तर नवल काय!

घरी मोजण्याची रीत

आता मोजमाप. परातीत बोटभर पाणी घ्या. खाकी कागद सपाट फरशीवर पसरा. मुलाचे दोन्ही पाय ओले करा, जादा पाणी झटका आणि त्याला कागदावर सरळ उभे करा. अंगाचा भार दोन्ही पायांवर सारखा असावा, नजर समोर असावी. वाकून पाहिले की भार बदलतो आणि ठसा चुकतो. दहा सेकंदांनी मुलाला उचलून बाजूला घ्या. ओला ठसा वाळण्याआधी त्याच्या कडेने शिसपेनाची रेघ मारून घ्या. कागदावर मुलाचे नाव, तारीख आणि वय लिहा.

आता पट्टीने दोन अंतरे मोजा. पहिले, टाचेच्या ठशाची सर्वांत जास्त रुंदी. दुसरे, मधल्या भागाची सर्वांत कमी रुंदी. दुसऱ्या अंतराला पहिल्याने भागा. समजा टाच ५ सेंटिमीटर आणि मधला भाग ४ सेंटिमीटर आहे. ४ भागिले ५ म्हणजे ०.८. हा त्या पायाचा कमान-अंक झाला. मधला भाग टाचेपेक्षा रुंद असेल तर अंक १ च्या वर जाईल. मधला भाग अरुंद असेल तर अंक लहान येईल. अंक जितका लहान तितकी कमान उंच.

हा अंक किती असावा? अमेरिकेतील डॉ. स्टाहेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ८८२ पायांचे असे मोजमाप प्रसिद्ध केले. हे पाय कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांचे होते, वर्षाच्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत. त्यांना असे दिसले की लहान बाळांत ०.७ पासून १.३५ पर्यंतचा अंक स्वाभाविक आहे आणि मोठ्या माणसांत ०.३ पासून १ पर्यंतचा. ही मर्यादा किती सैल आहे ते पाहा. जशी माणसांची उंची सारखी नसते, नाक सारखे नसते, तसे तळवेही सारखे नसतात. परीक्षेतल्या ३५ गुणांसारखी इथे पास-नापासाची एकच रेघ नाही.

म्हणून एकदा मोजून घाबरून जाऊ नये आणि एकदा मोजून निश्चिंतही होऊ नये. आमची सूचना अशी की दरवर्षी एका ठरावीक दिवशी, उदाहरणार्थ शाळा उघडण्याच्या आधीच्या रविवारी, मुलाचा ठसा घ्यावा आणि मागचे कागद जपून ठेवावेत. चौथ्या वर्षी ०.८, पाचव्या वर्षी ०.७, सहाव्या वर्षी ०.६५ असा अंक उतरत असेल, तर मुलाची कमान तयार होत आहे असे समजावे. वर्षाकाठी एक ओळ लिहिली की झाले. विहाराच्या पोरापोरींनी मनावर घेतले तर एका दुपारी साऱ्या गल्लीतल्या लेकरांचे ठसे निघतील, आणि सातवी-आठवीच्या मुलांचा गुणोत्तराचा अभ्यासही होईल.

चौकोन मोजण्याची दुसरी रीत

याहून बारीक मोजायचे असेल तर आलेखाचा कागद घ्यावा. ठशाच्या रेघेवर आलेख कागद धरून उजेडात ती रेघ उतरवून घ्यावी. बोटांचा भाग सोडून उरलेल्या ठशाच्या लांबीचे तीन सारखे भाग करावेत. तिन्ही भागांतले चौकोन मोजावेत. मधल्या भागातल्या चौकोनांना एकूण चौकोनांनी भागावे. कॅव्हनाह आणि रॉजर्स या संशोधकांनी १९८७ साली ही रीत मांडली. त्यांच्या हिशेबाने मोठ्या माणसाचा अंक ०.२१ ते ०.२६ च्या दरम्यान असला तर कमान मध्यम, त्याहून जास्त असला तर कमान बसकी आणि कमी असला तर उंच. हे आकडे मोठ्यांसाठी आहेत. लहान मुलाला ते लावू नयेत. मात्र मूल मोठे होताना अंक कुठे सरकतो ते पाहायला हीच रीत उपयोगी पडते.

दवाखान्यात याखेरीज आणखी काही मोजमापे घेतात. घोट्याच्या आत, थोडे पुढे एक हाड हाताला लागते. मूल बसलेले असताना त्या हाडाची जमिनीपासूनची उंची आणि उभे राहिल्यावरची उंची यांतला फरक मोजतात. टाच मागून पाहिली तर सरळ आहे की बाहेर झुकली आहे, पुढचे बोट मागून दिसते का, अशा सहा गोष्टींना गुण देण्याचीही एक पद्धत आहे. हाडांतच दोष असल्याची शंका आली तर क्ष-किरण चित्र काढतात. पण तक्रार नसलेल्या लहान मुलाला पहिल्याच भेटीत क्ष-किरणाची गरज सहसा नसते.

ठशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ठसा तळव्याची रुंदी दाखवतो, आतल्या हाडांची उंची थेट दाखवत नाही. गुबगुबीत मुलाच्या तळव्याला मांस जास्त असते, त्यामुळे ठसा रुंद येतो आणि हाडांची कमान बरी असूनही पाय सपाट दिसतो. म्हणून ठशाच्या जोडीला पुढची परीक्षा केलीच पाहिजे.

टाचा उचलून पाहा

ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची आणि फुकट आहे. मुलाला भिंतीजवळ उभे करा आणि चवड्यांवर उभे राहायला सांगा. तुम्ही मागे बसून पाहा. चवड्यांवर उभे राहताच खळगा उमटला आणि टाच आतल्या बाजूला वळली, तर तो लवचीक सपाट पाय आहे. दुसरा प्रकार असा की मूल उभे असतानाच त्याच्या पायाचा अंगठा हाताने वर उचला. कमान वर आली तर पाय लवचीक आहे. मूल पाय लोंबकळत ठेवून खाटेवर बसले असताना खळगा दिसतो, हीसुद्धा तीच खूण.

लवचीक सपाट पाय, जो दुखत नाही, त्याला रोग म्हणत नाहीत. कित्येक माणसे जन्मभर अशा पायांनी ओझी वाहतात, धावतात, नाचतात. कॅनडात हॅरिस आणि बीथ या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साडेतीन हजारांहून अधिक सैनिकांचे पाय तपासले आणि १९४७ साली अहवाल प्रसिद्ध केला. लवचीक सपाट पाय हा मजबूत पायाचाच एक प्रकार आहे, असे मत त्यांनी दिले. पुढे १९९३ साली अमेरिकी पायदळाच्या २४६ प्रशिक्षणार्थींच्या पाहणीत तर असे दिसले की ज्यांचे तळवे सर्वांत सपाट होते त्यांना कवायतीत दुखापती सर्वांत कमी झाल्या, आणि उंच कमानीवाल्यांना जास्त झाल्या.

चवड्यावर उभे राहूनही कमान उमटत नसेल, तर तो ताठ सपाट पाय. तो वेगळा विषय आहे आणि त्याला डॉक्टर दाखवलाच पाहिजे.

बूट की अनवाणी?

आता बुटांचा प्रश्न. या बाबतीत आपल्या देशातच एक महत्त्वाचे काम झाले आहे. कर्नाटकातील मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजचे डॉ. राव आणि डॉ. जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पायांचे ठसे घेतले आणि १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पायात बूट-चप्पल घालणाऱ्या मुलांत सपाट पायाचे प्रमाण शेकडा ८.६ निघाले आणि अनवाणी वाढलेल्या मुलांत शेकडा २.८. त्यातही बोटे झाकणारे बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सर्वांत जास्त होते, सँडल आणि चप्पल घालणाऱ्यांत कमी. १९९५ साली डॉ. सचिदानंदम आणि डॉ. जोसेफ यांनी वाढ पूर्ण झालेल्या १,८४६ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना वयाच्या सहाव्या वर्षाआधीच बूट चढवले गेले त्यांच्यात सपाट पाय जास्त आढळले. २०१७ साली दक्षिण आफ्रिकेतील अनवाणी वाढणाऱ्या आणि जर्मनीतील बूट घालणाऱ्या एकूण ८१० मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. तिथेही अनवाणी मुलांच्या कमानी उंच निघाल्या.

कारण समजायला अवघड नाही. मोकळा पाय मातीवर, खडबडीत जमिनीवर बोटांनी पकड घेतो. त्याने तळव्याचे स्नायू कामाला लागतात. कडक बुटात ते काम बूट करतो आणि स्नायू आळशी राहतात.

पण इथे आम्हाला थांबून एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या आकड्यांचा अर्थ 'गरिबांच्या लेकरांना बूट कशाला हवेत' असा कोणी काढू नये. आपल्या आजा-पणज्यांच्या पायात पायताण नव्हते ते कमानीच्या काळजीमुळे नव्हे. अनेक गावांत वरच्या आळीतून जाताना आपल्या माणसाला पायातल्या वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. जो समाज मेलेल्या जनावराचे कातडे ओढत होता आणि ज्याचे शेजारी त्या कातड्याचे जोडे शिवत होते, त्यांनाच जोडा घालून चालायची मनाई होती. म्हणून आपल्या घरातली आजी नातवाच्या पायात बूट पाहून हरखते, तेव्हा ती हौस नसते, तो इतिहासाचा हिशेब असतो. तो मान आपण सोडता कामा नये.

शिवाय आरोग्याचेही कारण आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि डांबर तव्यासारखे तापते. काच, खिळे, काटे यांचा धोका वेगळा. ज्या मातीत माणसाची विष्ठा मिसळते त्या मातीतून हुकवर्म नावाच्या जंताच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात, आतड्यात बसून रक्त पितात आणि मूल पांढरेफटक पडते. जंतनाशक गोळी अंगणवाडीत आणि शाळेत मिळते, ती चुकवू नये. पण रस्त्यावर, शेतात, संडासात आणि उकिरड्याजवळ पायात चप्पल असलीच पाहिजे.

तेव्हा मार्ग मधला आहे. बाहेर पायताण, घरात मोकळा पाय. घरात, विहारात, स्वच्छ अंगणात, शाळेच्या स्वच्छ वर्गात मुलांना खुशाल अनवाणी खेळू द्या. नुकत्याच चालू लागलेल्या बाळाला कडक तळाचे, चूं-चूं वाजणारे बूट घालून फोटो काढण्याची हौस एका दिवसापुरती ठेवा. शाळेतून आल्याबरोबर बूट-मोजे काढून टाका.

बूट घेताना तळ हाताने वाकतो का ते पाहा. पुढे बोटांना पसरायला जागा हवी आणि सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर मोकळे हवे. 'पुढच्या वर्षीही येतील' म्हणून दोन नंबर मोठे बूट घेण्याची आपली रीत काटकसरीची आहे हे आम्ही जाणतो, पण तसल्या बुटात टाच निसटते, मूल पाय ओढत चालते आणि ठेचा खाते. घट्ट बूट तर त्याहून वाईट. राज्य शासनाने २०२३ साली सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोडी बूट व दोन जोडी पायमोजे मोफत देण्याचा निर्णय घेतला. असे मोफत बूट हाती आले तर ते मुलाच्या मापाचे आहेत की नाही हे पालकांनी तपासावे आणि नसतील तर शाळा व्यवस्थापन समितीत बोलावे. फुकटची वस्तू म्हणून मुलाचा पाय आवळू देऊ नये.

'डॉक्टरी' बुटांचा खर्च

ज्या मुलाचा पाय लवचीक आहे आणि दुखत नाही, त्याला खास बूट घातल्याने कमान येते का? याचे उत्तर शास्त्राने तपासून दिले आहे. अमेरिकेत डॉ. वेंगर आणि सहकाऱ्यांनी १ ते ६ वर्षांच्या १२९ मुलांचे गट पाडले. एका गटाला खास अस्थिरोग बूट, दुसऱ्याला टाचेच्या वाट्या, तिसऱ्याला मापाने बनवलेले प्लॅस्टिकचे आधार आणि चौथ्या गटाला काहीच नाही. तीन वर्षांनी, शेवटपर्यंत टिकलेल्या ९८ मुलांचे पाय तपासले. सर्व गटांतील पाय सुधारले होते, आणि ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांचेही तेवढेच सुधारले होते. हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर खर्च झाला आणि जमेला काही आले नाही. रोजंदारी करणाऱ्या घरात महागड्या बुटांचा पैसा म्हणजे कित्येक दिवसांचे दूध आणि अंडी. ती मुलाच्या पोटात जाणे जास्त गरजेचे आहे. मात्र ज्या मुलाचा पाय दुखतो, त्याला डॉक्टरांनी तपासून गादी किंवा आधार दिला असेल, तर तो दुखणे कमी करण्यासाठी असतो. तो बंद करू नये.

भरतीची भीती

१९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हापासून आणि त्याच्याही आधीपासून सैन्य ही आपल्या तरुणांची एक वाट आहे. पोलीस, एसआरपी, रेल्वे सुरक्षा दल, निमलष्करी दले याही वाटा आहेत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीच्या जाहिरातीत उमेदवाराचे टोंगळे एकमेकांना लागू नयेत, तळवे सपाट नसावेत, पायाच्या शिरा फुगलेल्या नसाव्यात, असे लिहिलेले असते. त्यामुळे आईबापांची भीती खोटी नाही.

पण नियम नीट वाचले पाहिजेत. सैन्याच्या अधिकारीपदाच्या वैद्यकीय निकषांत असे म्हटले आहे की चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान पुन्हा दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर उड्या मारू व नीट धावू शकत असेल आणि पाय लवचीक व वेदनारहित असेल, तर तो पात्र धरावा. ताठ सपाट पाय, बाहेर झुकलेली टाच, चवड्यांवर तोल न सांभाळता येणे, दुखरे सांधे, हे अपात्रतेचे दोष आहेत. प्रत्येक दलाचे निकष वेगवेगळे असतात आणि बदलतातही. म्हणून ज्या तरुणाला भरतीला जायचे आहे त्याने जाहिरात पूर्ण वाचावी आणि शेतजमीन गहाण ठेवून अकादमीची फी भरण्याआधी सरकारी दवाखान्यात पाय तपासून घ्यावा. वैद्यकीय तपासणीत नापास ठरवले तर फेरतपासणीची तरतूद असते. तिची मुदत थोडी असते, ती चुकवू नये.

एक इशारा. भरतीच्या तोंडावर 'महिन्यात कमान आणून देतो' म्हणणारे तेल, पट्टा आणि बाटली विकणारे भेटतात. अठरा वर्षांच्या मुलाची हाडे पक्की झालेली असतात. व्यायामाने पोटरी व तळव्याचे स्नायू बळकट होतात, तोल सुधारतो, पण हाडांची रचना महिन्याभरात बदलत नाही. म्हणूनच लहान वयात मोजून ठेवण्याचे महत्त्व आहे.

मुलीच्या तळव्याला शकुन-अपशकुन नाही

मुलगी पाहायला आलेले लोक तिला चालायला लावतात आणि फरशीवर उमटलेले ओले पाऊल पाहतात, असे प्रकार अजूनही कानावर येतात. खळगा नसलेले पाऊल घराला बरे नाही, असे म्हणून मुलगी नाकारली जाते. ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेऊन असल्या समजुती टाकून दिल्या, त्याच्या घरात हे घडता कामा नये. अंगलक्षणांवर ज्यांचा विश्वास आहे त्यांनी दीघ निकायातील लक्खण सुत्त पाहावे. महापुरुषाची जी ३२ लक्षणे परंपरेने सांगितली आहेत, त्यांतले पहिलेच लक्षण असे की त्याचे तळपाय जमिनीवर सारखे टेकतात! आम्ही अर्थातच लक्षणे मानत नाही. पण एका पोथीत जे अशुभ तेच दुसरीत महापुरुषाचे चिन्ह ठरत असेल, तर दोन्हीकडे शास्त्र नाही एवढे तरी कळावे. तळव्यावरून मुलीचे भवितव्य ठरत नाही. ते तिच्या शिक्षणाने ठरते.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

पुढील खुणांपैकी एकही दिसली तर वाट पाहू नये. पाय, घोटा किंवा पोटरी वारंवार दुखते आणि मूल खेळ सोडून बसते. एक पाय सपाट आणि दुसरा बरा आहे. चवड्यांवर उभे राहूनही कमान उमटत नाही. टाचा टेकवून उकिडवे बसता येत नाही, कारण पोटरीची शीर आखडलेली असते. वाढत्या वयात कमान बनण्याऐवजी सपाटपणा वाढतो. आठ-दहा वर्षांनंतर पाय नव्याने ताठ होतो आणि वारंवार मुरगळतो. यात कधी कधी दोन हाडे आपसात जुळलेली असतात. उलट प्रकारही आहे. ठशाचा मधला भाग पूर्ण कोरा येतो आणि कमान वर्षागणिक उंच होत जाते. त्यामागे मज्जातंतूंचा आजार असू शकतो, म्हणून तेही दाखवावे.

जन्मतःच आत वळलेला वाकडा पाय म्हणजे क्लबफूट हा यापासून निराळा आजार आहे. त्यात मोजत बसू नये. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच प्लॅस्टरचे उपचार सुरू केले तर बहुतेक पाय मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय सरळ होतात.

नागपूरकरांना मेडिकल आणि मेयो ही दोन्ही सरकारी रुग्णालये जवळ आहेत, तिथे अस्थिरोग विभाग आहे. मिहानमध्ये एम्स आहे. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी करतात. क्लबफूट त्यांच्या यादीत आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि पायाबद्दल शंका असेल तर तोंडाने सांगा. जाताना वर्षावर्षाचे ठशांचे कागद सोबत न्या. डॉक्टरांसमोर 'पाय सपाट वाटतो' असे सांगण्यापेक्षा 'तीन वर्षांत अंक ०.८ वरून ०.९ वर गेला' असे सांगितले तर बोलण्याला वजन येते. गरीब माणसाचे म्हणणे कचेरीत आणि दवाखान्यात पुष्कळदा ऐकले जात नाही, पण लिहिलेला कागद पुढे ठेवला की तो वाचावा लागतो, हा आमचा कारकुनीतला अनुभव आहे.

तेव्हा पालकांनो, या रविवारी परात भरा, खाकी कागद पसरा आणि लेकरांना बोलवा. पाय लवचीक असेल, दुखत नसेल, तर बुटांचे पैसे वाचवा आणि मुलाला खेळू द्या. पाय ताठ असेल, दुखत असेल, तर उद्याच दवाखाना गाठा. कागदावर तारीख घालायला मात्र विसरू नका.